पासवर्ड स्ट्राँग आहे का ते सांगणारा पायथन प्रोग्राम: काहीही टाकलं तरी गुण १ च येतोय

सांगलीकर_एफवाय

नमस्कार मंडळी, बीसीए पहिल्या वर्षाला आहे, पायथन सुरू होऊन दीड महिना झालाय फक्त. सरांनी मिनी प्रोजेक्ट दिलाय की युजरने पासवर्ड टाकायचा आणि प्रोग्रामने सांगायचं कमकुवत, मध्यम की स्ट्राँग. पाच नियम दिलेत, ८ किंवा जास्त अक्षरं, एक तरी कॅपिटल, एक तरी स्मॉल, एक तरी आकडा आणि एक तरी स्पेशल कॅरॅक्टर, प्रत्येकाला १ गुण. सोपं वाटलं म्हणून काल रात्री बसलो आणि आता डोकं बंद पडलंय, कारण काहीही टाकलं तरी १ च येतो. माझं नाव, ॲट द रेट, २००३ असं टाकलं तरी १, नुसतं १२३ टाकलं तरी १, आणि कहर म्हणजे काहीच न टाकता एंटर मारलं तरी १!!

लॅपटॉप मित्राकडे आहे, मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय म्हणून कोड उच्चारात लिहितो, हसू नका प्लीज

गुण = ०
पी = इनपुट("पासवर्ड टाका: ")
इफ लेन(पी) >= ८ : गुण += १
एलिफ पी.इझअपर() : गुण += १
एलिफ पी.इझलोअर() : गुण += १
एलिफ पी.इझडिजिट() : गुण += १
एलिफ "@" ऑर "#" ऑर "$" इन पी : गुण += १
प्रिंट(गुण)

शुक्रवारी सबमिशन आहे. एरर काहीच येत नाही हाच प्रॉब्लेम आहे, एरर आली असती तर गुगल तरी केलं असतं.

आयटीतला_हमाल

आधी हसून घेतो मग सांगतो. "इफ लेन पी" वाचून आमच्या गावच्या सायबर कॅफेवाल्याची आठवण आली.

तुझा घोळ एलिफमध्ये आहे भावा. एलिफ म्हणजे "वरचं नसेल तरच मला विचार". टोलनाक्यावर एका लेनमधून गाडी गेली की बाकीच्या चार लेनवाले तुझी पावती फाडायला येतात का? तसंच हे, एक अट खरी झाली की खालच्या सगळ्या सोडून प्रोग्राम थेट प्रिंटवर. म्हणून एकापेक्षा जास्त गुण कधी मिळूच शकत नाहीत. पाचही ठिकाणी साधं इफ कर, एलिफ काढून टाक.

सांगलीकर_एफवाय

केलं दादा, मित्राच्या रूमवर येऊन केलं. आता नाव ॲट द रेट २००३ ला २ आले, पण ५ यायला पाहिजेत ना, त्यात कॅपिटल आहे स्मॉल आहे आकडे आहेत सगळं आहे. आणि नुसतं एंटर मारलं की अजून पण १ येतोय, हे भूत काय आहे?

तर्कटताई

भूत वगैरे नाही, दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्ही अशा की दरवर्षी माझ्या बॅचमधली निम्मी मुलं करतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

रिकाम्या एंटरला १ मिळतो तो शेवटच्या ओळीमुळे. तू मनात वाचतोयस "ॲट किंवा हॅश किंवा डॉलर यातलं काहीतरी पी मध्ये आहे का". पायथन ते तसं वाचत नाही. तो वाचतो: "ॲट" खरं आहे का, किंवा "हॅश" खरं आहे का, किंवा "डॉलर पी मध्ये आहे" हे खरं आहे का. आणि पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच धरली जाते, त्यामुळे पहिल्याच "ॲट"पाशी उत्तर "हो" येतं, तुझ्या पासवर्डकडे तो बघतसुद्धा नाही. म्हणजे तो एक गुण तू फुकट वाटतोयस, देवळातल्या प्रसादासारखा.

दुसरी चूक इझअपरची. "यात कॅपिटल आहे का" असा प्रश्न तो विचारतच नाही, त्याचा प्रश्न असतो "यातली अक्षरं सगळीच्या सगळी कॅपिटल आहेत का". नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहून पुढे २००३ टाकून बघ, ट्रू येईल, कारण आकडे आणि चिन्हं तो मोजणीत धरत नाही. पण एक जरी स्मॉल अक्षर आलं की फॉल्स. इझलोअरचं तसंच उलटं. इझडिजिट तर आणखी कडक, सगळेच आकडे पाहिजेत. म्हणून तुझ्या नावाला लांबीचा एक आणि प्रसादाचा एक असे २ मिळाले.

म्हणजे पासवर्डला अख्खा विचारायचा नाही, एकेका अक्षराला विचारायचं. छोटी रीत अशी:

इफ एनी(सी.इझअपर() फॉर सी इन पी) : गुण += १

तसंच लोअर आणि डिजिटचं. स्पेशलसाठी वर इम्पोर्ट स्ट्रिंग कर, त्यात पंक्च्युएशन नावाची तयार यादी आहे, ३२ चिन्हं आहेत, एनी(सी इन स्ट्रिंग.पंक्च्युएशन फॉर सी इन पी) असं लिही. स्पेस त्यात नाही हे लक्षात ठेव, कुणीतरी स्पेस टाकून बघणारच.

पण व्हायवा असेल तर एनी लिहायच्या आधी एकदा साध्या फॉर लूपने करून बघ. चार व्हेरिएबल घे, सगळे फॉल्स, लूपमध्ये अक्षर कॅपिटल सापडलं की त्यातलं एक ट्रू, आणि गुण लूपच्या बाहेर, शेवटी. लूपच्या आतच गुण वाढवलेस तर आठ वेळा ए लिहिणाऱ्याला ८ गुण मिळतील आणि मग तू इथे परत येशील "पाचपैकी ९ येतायत" म्हणून.

सांगलीकर_एफवाय

ताई!!! ५ आले!!! खरंच खूप थँक्स, तीन तास त्या ऑरकडे बघत होतो मी.

फक्त_मार्कांसाठी

चला, सुटला प्रश्न. आता कव्हर पेज, इंडेक्स, स्क्रीनशॉट आणि स्पायरल बाइंडिंग. कोडपेक्षा बाइंडिंगला जास्त वेळ लागतो, आजच दुकानात टाक.

जुनाखोडकर

थांबा जरा. बाइंडिंगला टाकायच्या आधी तुझ्या या प्रोग्रामला दोन पासवर्ड दे. इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर कॅपिटल: पासवर्ड@१२३, आणि दुसरा शिवाजी@१६७४. काय येतं ते सांग.

सांगलीकर_एफवाय

दोन्हीला ५ पैकी ५. स्ट्राँग.

जुनाखोडकर

बघ. आता मला सांग, महाराष्ट्रातल्या माणसाचा पासवर्ड फोडायला कुणी बसला तर राज्याभिषेकाचं साल त्याला कितव्या मिनिटाला सुचेल? तुझा प्रोग्राम पासवर्डची ताकद मोजतच नाहीये, नियम पाळलेत का ते बघतोय. गणवेश घातला की पोरगं हुशार, असला प्रकार. ताकद म्हणजे समोरच्याला किती अंदाज लावावे लागतील, बास.

आणि हे पाच नियम आले कुठून तेही सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीची, म्हणजे निस्टची, २००३ सालची मार्गदर्शक सूचना होती, बिल बर नावाच्या गृहस्थांनी लिहिलेली. त्यातून कॅपिटल, आकडा, चिन्ह आणि दर काही महिन्यांनी बदला हे सगळं जगभर पसरलं. निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये त्याच माणसाने वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने सूचना नव्याने काढल्या, त्यात कॅपिटल-आकडा-चिन्हाची सक्ती नको, ठरावीक मुदतीने उगाच बदलायला लावू नका, लांब पासवर्ड चालू द्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुटलेल्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा, असं आहे. तरी आपल्याकडे प्रत्येक पोर्टल अजून तेच मागतं आणि लोक तेच करतात, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी ॲट आणि १२३. सक्ती केली की सगळे एकाच साच्यात टाकतात, फोडणाऱ्याला बरंच.

जरा आकडे घे. नुसती स्मॉल २६ अक्षरं, लांबी ८, म्हणजे २६ चा ८ वा घात, सुमारे २०,८८२ कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. पण एखाद्या साइटने पासवर्ड एमडी५ सारख्या जुन्या हॅशने (हॅश म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेला ठसा, # चिन्ह नव्हे) ठेवले असतील आणि ती फाइल चोरीला गेली, तर एक आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १६,४०० कोटींच्या आसपास अंदाज तपासतं. म्हणजे सव्वा सेकंद. कॅपिटल, आकडे, चिन्हं सगळं धरून ९४ कॅरॅक्टर घेतले तरी ८ लांबीला १० तासांच्या आसपास. आणि आता चिन्हं-बिन्हं काही नको, नुसती स्मॉल अक्षरं पण लांबी १६: आठ हजार वर्षांच्या वर. कशाने फरक पडला ते तूच बघ.

आयटीतला_हमाल

खोडकर काका, हिशेब बरोबर पण पोराला अर्धंच सांगितलंत. सोळा वेळा ए टाकला तरी तुमच्या हिशेबाने आठ हजार वर्षं. तो घाताचा हिशेब फक्त तेव्हाच खरा जेव्हा अक्षरं फासे टाकल्यासारखी आंधळेपणाने निवडलेली असतात, आणि माणूस तसं निवडतच नाही, माणूस बायकोचं नाव निवडतो.

जुनाखोडकर

मान्य. म्हणून तर यादी म्हणतोय.

तर्कटताई

मंडळी, पहिल्या वर्षाचं पोर आहे ते, आरटीएक्स कार्डापर्यंत नेऊ नका 🙂 पण यादीचा मुद्दा खरा आहे आणि करायला सोपापण आहे, दहा ओळी वाढतील फार तर.

२००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटींवर पासवर्ड फुटले होते, जसेच्या तसे, हॅश न करता ठेवलेले. त्यात सगळ्यात जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. त्यातून दुहेरी काढून केलेली साधारण १ कोटी ४३ लाख ओळींची टेक्स्ट फाइल आजही सिक्युरिटी शिकणारे सगळे वापरतात. ती सर्रास वापराच्या क्रमाने लावलेली आहे, त्यामुळे तुला अख्खी नको, वरच्या १०,००० ओळी काढून वेगळी फाइल कर. दोन गोष्टी सांभाळ. मूळ फाइल उघडताना एन्कोडिंग लॅटिन-१ दे, नाहीतर मध्येच युनिकोडडिकोडएरर येऊन प्रोग्राम आडवा होईल. आणि ओळी लिस्टमध्ये न भरता सेटमध्ये भर, लिस्टमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक बघत जातो, सेटमध्ये सापडतं का ते लगेच कळतं, शिवाय हा फरक व्हायवात सांगितलास तर सर खूश. प्रत्येक ओळीला स्ट्रिप लाव, शेवटचं न दिसणारं न्यूलाइन राहिलं तर काहीच जुळणार नाही आणि तू परत भूत म्हणशील.

आता नुसतं "आहे का यादीत" विचारून पासवर्ड@१२३ पकडला जाईलच असं नाही. म्हणून आधी त्याचे दागिने उतरव. सगळं लोअर कर. मग आरस्ट्रिपने शेवटचे आकडे आणि चिन्हं काढ, आरस्ट्रिप(स्ट्रिंग.डिजिट्स + स्ट्रिंग.पंक्च्युएशन). मग उरलेल्यात ॲटच्या जागी ए, शून्याच्या जागी ओ, डॉलरच्या जागी एस, ३ च्या जागी ई. हा क्रम चुकवू नकोस, आधी ॲटचा ए केलास तर शिवाजी@१६७४ चं शिवाजीए१६७४ होऊन बसेल आणि पुढचं सगळं फसेल. उरलं ते यादीत आहे का बघ, असेल तर बाकीचे गुण काहीही असू देत, सरळ "कमकुवत".

जुनाखोडकर

ताईंनी सांगितलेलंच मोठ्या प्रमाणावर करणारी लायब्ररी आहे, झेडएक्ससीव्हीबीएन, कीबोर्डची सगळ्यात खालची ओळ ओळीने दाबली की तयार होणारं नाव. ड्रॉपबॉक्समधल्या डॅन व्हीलर यांनी २०१२ मध्ये काढली. शब्द, नावं, तारखा, कीबोर्डवरच्या सरळ रांगा असे तुकडे पाडून किती अंदाज लागतील ते काढते आणि ० ते ४ गुण देते. प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करून एका ओळीत उरकू नकोस, सर विचारतील तू काय केलंस. पण तुझं उत्तर आणि तिचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून तक्ता कर, रिपोर्टला वजन येईल.

फक्त एक, त्या सगळ्या याद्या इंग्रजीच्या तोंडवळ्याच्या. बाप्पामोरया तिला काय कळणार?

सांगलीकर_एफवाय

हे वाचून रात्री रूमवर चर्चा झाली आणि आम्ही आपली मराठी यादीच केली!! गणपती, बाप्पा, मोरया, साईराम, स्वामी, माउली, विठ्ठल, शिवाजी, संभाजी, रायगड, प्रतापगड, पिल्लू, शोना, बाळा, आई, ओम, जयमहाराष्ट्र, असे १८० शब्द झाले, सगळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये, स्वामीचं वाय आणि आय दोन्ही. एमएच १० ने सुरू होणारे पण टाकले कारण आमच्या रूममध्ये चारपैकी दोघांचा पासवर्ड गाडी नंबर निघाला (त्यांनी आता बदलला म्हणे).

पण नवीन प्रॉब्लेम. शब्द पासवर्डच्या मध्ये पण असला तर पकडावा म्हणून "इफ शब्द इन पासवर्ड" केलं, आणि आता चांगले लांब पासवर्ड पण कमकुवत येतायत. रँडम शब्द टाकला, कमकुवत. मित्राने इंग्रजीत रूम हीटर खिडकी भाकरी असं काहीतरी टाकलं, तेही कमकुवत.

दुसरं म्हणजे सर म्हणाले की वर्गातल्या सगळ्यांचे पासवर्ड घेऊन सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) सेव्ह करा आणि ग्राफ काढा. ते कसं करायचं?

आयटीतला_हमाल

ओम काढ यादीतून. रँडमच्या शेवटी ओ आणि एम आहेत, रूमच्या शेवटीपण. चार अक्षरांपेक्षा छोटे शब्द मध्ये शोधूच नको, ते अख्खा पासवर्ड तेवढाच असेल तरच पकड.

आणि सापडला म्हणून थेट शून्य नको, सापडलेला शब्द कापून टाक आणि उरलेल्याची लांबी मोज. जयमहाराष्ट्रनंतर अजून बारा अक्षरं वेडीवाकडी असतील तर तो काही वाईट पासवर्ड नाही.

जुनाखोडकर

सीएसव्हीचं वाचून चहा सांडला.

अजिबात करू नकोस. साठ पोरांचे खरे पासवर्ड, शेजारी रोल नंबर, साध्या फाइलमध्ये, आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात. अर्ध्या पोरांचा तोच पासवर्ड ईमेलला असणार. रॉकयूचं नेमकं हेच झालं होतं ना. ग्राफ काढायचाच असेल तर फाइलमध्ये फक्त लांबी आणि गुण लिही, पासवर्ड नाही, नाव नाही. सगळ्यांना सांग की खरा टाकू नका, खऱ्यासारखा टाका. आणि इनपुटच्या जागी पायथनमधलंच गेटपास फंक्शन वापर, म्हणजे टाइप करताना स्क्रीनवर दिसणार नाही. पायथनसोबत येणाऱ्या आयडल एडिटरमध्ये चालवलंस तर मात्र वॉर्निंग देऊन दाखवतोच, कमांड प्रॉम्प्टवरून चालव.

एखादा पासवर्ड आधी कुठे फुटलाय का हे ऑनलाइन बघायचं असेल तर ट्रॉय हंट यांची हॅव आय बीन पोन्ड साइट आहे. तिथेसुद्धा पासवर्ड पाठवायची गरज नसते. आपल्याच मशीनवर शा-१ हॅश काढायचा, ४० कॅरॅक्टर येतात, त्यातले पहिले ५ पाठवायचे, ते त्या ५ ने सुरू होणारे सगळे शेपटे परत पाठवतात, आणि आपला त्यात आहे का ते आपण आपल्याकडे बघायचं. त्यांना शेवटपर्यंत कळत नाही तू कुठला शोधत होतास. पुढच्या सेमिस्टरला कर हे.

फक्त_मार्कांसाठी

सरांनी सीएसव्ही सांगितलाय तर सीएसव्ही द्या, कशाला पंगा घेता, इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत.

तर्कटताई

सीएसव्ही देच, लांबी आणि गुणांचा. आणि रिपोर्टमध्ये दोन ओळी लिही पासवर्ड का सेव्ह केले नाहीत ते. बहुतेक सरांच्याही लक्षात आलं नसेल.

चंद्रबिंदू

उशिरा आलो, पण मराठी यादी बघून राहवलं नाही. कुणी पासवर्डच देवनागरीत टाकला तर तुझा प्रोग्राम काय करेल बघितलंस का? गंमत आहे. पुणे या शब्दाची लेन पायथनमध्ये ४ येते, कारण उकार आणि मात्रा वेगळे मोजले जातात. क्षत्रियची ८. आणि पुणेला इझअल्फा, म्हणजे यात सगळी अक्षरंच आहेत का, असं विचारलं तर फॉल्स म्हणतो, कारण उकार-मात्रा त्याच्या लेखी अक्षरच नाहीत. कॅपिटल-स्मॉल आपल्याकडे नाहीच त्यामुळे ते दोन गुण कायमचे गेले. आकडे मात्र पास, देवनागरी १२३ ला इझडिजिट ट्रू देतो. म्हणजे सरांच्या नियमांनी मराठी माणूस जास्तीत जास्त ५ पैकी ३.

आणि ॲ चं दुखणं वेगळंच. काही कीबोर्ड ॲ एकच कॅरॅक्टर म्हणून टाकतात, काही अ वर चंद्र देऊन दोन. दिसायला सारखं, पण प्रोग्रामला दोन वेगळे पासवर्ड. मोबाईलवर सेट केला आणि लॅपटॉपवर उघडेना, असं होऊ शकतं. म्हणून मी स्वतः मराठी शब्दच वापरतो पण इंग्रजी अक्षरांत, आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच, फासे टाकून निवडलेले.

सांगलीकर_एफवाय

अपडेट देतो. ओम, आई सगळं काढलं, चारच्या वरचेच शब्द शोधतोय, कापून उरलेली लांबी मोजतोय, गेटपास लावला. देवनागरी टाकलं तर सध्या "कृपया इंग्रजी अक्षरं वापरा" असं येतं, चंद्रबिंदू सर माफ करा, वेळ नव्हता. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवली, गुण, लांबी, पायथनला चालतात! फक्त गुण = ० असा देवनागरी शून्य टाकला तर सिंटॅक्स एरर देतो, म्हणजे एकदाची एरर बघायला मिळाली.

आज सबमिशन झालं. सरांनी आधी ते पाच नियमवाला पासवर्ड टाकला, त्याला कमकुवत आलं, म्हणाले तुझा प्रोग्राम चुकतोय. मी यादी दाखवली. मग त्यांनी दोन मिनिटं विचार करून दुसरा काहीतरी टाकला, स्क्रीनवर आलं "यादीतला शब्द सापडला: स्वामी". सर स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले बरं, पुढचा रोल नंबर.

आयटीतला_हमाल

🤣🤣 मार्क किती ते सांग

सांगलीकर_एफवाय

२० पैकी १७. सीएसव्हीत पासवर्डचा कॉलम नाही म्हणून ३ कापले.